साडेपाचचं हेड: १९३० च्या मॉडेल ए साठी सोलापुरात केलेलं ओतकाम

गाडी १९३० ची फोर्ड मॉडेल ए, फेटन, म्हणजे कापडी हुडाची. मालक सोलापूरचेच, सत्तरीच्या पुढचे, आणि गाडी त्यांच्या घरात आजोबांपासून. तक्रार सरळ होती. रेडिएटरमध्ये बुडबुडे, तिसऱ्या सिलिंडरच्या प्लगवर गंज आणि अर्ध्या तासात पाणी उकळायला लागायचं. हेड, म्हणजे इंजिनाच्या सिलिंडरांवरचं झाकण, उतरवलं तर तिसऱ्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या बरोबर वरच्या छताला तडा. तिथे आधीच कुणीतरी वेल्डिंग मारून ठेवलेलं आणि नवा तडा त्या वेल्डच्या कडेकडेने गेलेला. बिडाच्या, म्हणजे कास्ट आयर्नच्या, वेल्डिंगचं बहुतेक वेळा असंच होतं. वेल्डलगतचं बीड तापून भरकन थंड झालं की पांढरं, ठिसूळ होतं आणि पुढच्या खेपेला तिथूनच उकलतं.

मालकांची मागणी दोनच वाक्यांची होती. हेड नवं करा, आणि करतोच आहोत तर हाय कॉम्प्रेशनचं करा. एका रॅलीत त्यांनी ‘साडेसहा’ हा कॉम्प्रेशन रेशोचा, म्हणजे सिलिंडरमधलं मिश्रण किती पट दाबलं जातं त्याचा, आकडा ऐकला होता आणि तो त्यांच्या डोक्यात पक्का बसला होता.

तयार हेड अमेरिकेतून मागवता येतं, हे त्यांना पहिल्याच बैठकीत सांगितलं. मॉडेल ए च्या १९२७ ते १९३१ या काळात ४८ लाखांच्या आसपास गाड्या निघाल्या, त्यामुळे तिकडे तिचे सुटे भाग आजही नवे बनतात. एकाच गाडीसाठी एकच हेड हवं असेल तर पैशाच्या हिशेबाने मागवणंच शहाणपणाचं. पण पश्चिम महाराष्ट्रात त्यांच्या ओळखीत आणखी काही मॉडेल ए आहेत, सगळ्यांची हेड्स कमीअधिक गेलेली, आणि पॅटर्न, म्हणजे वाळूत ठसा उमटवायचा लाकडी नमुना, एकदा झाला की तो वर्षानुवर्षं राहतो. शिवाय सोलापूर हे बीड ओतणाऱ्यांचं गाव आहे. ‘इथे होत नाही तर कुठे होणार?’ हा मालकांचा प्रश्न अगदीच अभिमानापोटी नव्हता.

आधी खालचं बघा

मॉडेल ए चं इंजिन साइड व्हॉल्व्ह जातीचं. व्हॉल्व्ह ब्लॉकमध्येच, सिलिंडरच्या शेजारी, तोंड वर करून उभे. हेडमध्ये हलणारं काहीच नाही. खालून पोकळ्या आणि पोटात पाणी असलेलं ते एक जाड झाकण. बोर (सिलिंडरचा व्यास) ३.८७५ इंच, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ४.२५ इंच, चार सिलिंडर मिळून ३.३ लिटरला जरा कमी, २२०० आरपीएमला ४० हॉर्सपॉवर. आणि कॉम्प्रेशन रेशो ४.२२.

आजच्या साध्या स्कूटरचा रेशो नऊ-दहा असतो, त्यामुळे ४.२२ हा आकडा ऐकून लोक हसतात. हसण्यासारखं त्यात काही नाही. त्या वेळचं साधं पेट्रोल आजच्या मोजमापाने पन्नास-साठ ऑक्टेनच्या घरातलं होतं. ऑक्टेन कमी तितकं नॉकिंग, म्हणजे मिश्रण अवेळी भडकून इंजिनात बसणारे ठोके, जास्त. पेट्रोलमध्ये शिसं घालून ते थांबवता येतं हे थॉमस मिजली यांनी १९२१ मध्ये शोधलं आणि तसं पेट्रोल १९२३ पासून विकायला आलं, पण गावोगावच्या पंपावर ते मिळेलच याची खात्री नव्हती. फोर्डला गाडी शेतकऱ्याला विकायची होती, आणि मिळेल त्या पेट्रोलवर न ठोकता चालणारं इंजिन त्याला द्यायचं होतं. पेट्रोल सुधारलं तसा रेशोही वर गेला. १९३२ च्या मॉडेल बी ला फोर्डनेच ४.६ दिला. बाहेरच्या कारागिरांनी तर त्याआधीच सुरुवात केली होती. कॅलिफोर्नियात एड विनफिल्ड यांची हाय कॉम्प्रेशन हेड्स मॉडेल टी आणि मॉडेल ए वर चढत होती. म्हणजे ही हौस आजची नाही, गाडीइतकीच जुनी आहे.

आज आपल्या पंपावर ९१ ऑक्टेनच्या खालचं पेट्रोल मिळत नाही. त्यामुळे पेट्रोलकडे बघितलं तर साडेसहाला काहीच अडचण नाही. इथेच बहुतेक जण फसतात. नॉकिंग होत नाही म्हणजे इंजिनाला चालतंय, असं धरून बसतात.

अडचण खाली, क्रँककेसमध्ये आहे. मॉडेल ए चा क्रँकशाफ्ट तीन मेन बेअरिंगवर फिरतो. मेनचा व्यास १.६२५ इंच, कनेक्टिंग रॉडच्या जर्नलचा १.५ इंच, आणि क्रँकला काउंटरवेट नाहीत. एवढ्या मोठ्या इंजिनाला हा क्रँक बारीकच. पुढे मॉडेल बी ला मेन २ इंचाचे केले, ते उगीच नाही. बेअरिंग म्हणजे आजच्यासारखे बदलायचे शेल नव्हेत, ब्लॉकमध्ये आणि रॉडमध्ये ओतलेलं व्हाइट मेटल, एक मऊ मिश्रधातू. तेलाचा पंप आहे, पण तो तेल फक्त वर व्हॉल्व्ह चेंबरमध्ये उचलून टाकतो. तिथून ते आपल्या वजनाने मेनकडे उतरतं. रॉडना तर खालच्या ट्रेमधून चमच्याने उडवलेलं तेल मिळतं. प्रेशरने तेल कुठेच नाही.

आता हिशेब मांडा. जुन्या तत्त्वाप्रमाणे ज्वलनाचा कमाल दाब ढोबळमानाने रेशोच्या प्रमाणात वाढतो. ताकद मात्र त्या प्रमाणात वाढत नाही. आदर्श ऑटो सायकलचं, म्हणजे पेट्रोल इंजिनाच्या चक्राचं, सूत्र लावलं तर ४.३ वरून (या गाडीचा रेशो तेवढा झाला होता, का ते पुढे येतंच) साडेपाचवर जाताना फायदा होतो सुमारे १२ टक्के आणि दाब वाढतो २८ टक्के. साडेसहावर गेलात तर फायदा १९ टक्के आणि दाब ५१ टक्के. म्हणजे शेवटच्या सात टक्क्यांसाठी व्हाइट मेटलवर आणखी २३ टक्के बोजा. या गाडीचं मधल्या मेनचं क्लिअरन्स, म्हणजे बेअरिंगमधली फट, अडीच थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) निघालं. वाईट नाही, पण ते व्हाइट मेटल कधी ओतलंय हे घरात कुणालाच आठवत नव्हतं.

मालकांना आकडे दाखवले. ते कापडाच्या धंद्यात आयुष्य घालवलेले, तोटा कुठे आहे हे त्यांना लगेच दिसतं. “म्हणजे साडेसहा घेतलं तर हेड राहील आणि क्रँक जाईल,” एवढंच ते म्हणाले. साडेपाच ठरलं.

साडेपाच म्हणजे किती सीसी

रेशो हा शब्द तोंडात खेळवायला सोपा, पण पॅटर्नवाल्याला सीसी सांगावे लागतात. ही गाडी एकदा रिबोअर झालेली, म्हणजे सिलिंडर कातून मोठे केलेले, साठ थाऊ ओव्हरसाइज. म्हणजे बोर ३.९३५ इंच आणि एका सिलिंडरचं विस्थापन मूळच्या ८२१ ऐवजी ८४७ सीसी. नुसत्या रिबोअरनेच रेशो ४.२२ चा ४.३ झालेला. साडेपाच हवा असेल तर पिस्टन अगदी वर असताना उरणारी एकूण जागा १८८ सीसी हवी. सध्या ती होती २५५ च्या आसपास. कोऱ्या बोअरचं गणित धरून १८२ सीसी काढले असते, तर याच गाडीवर रेशो ५.६ च्या वर गेला असता. फरक मोठा नाही, पण दुसऱ्याच्या गाडीवर चढलेलं हेड आपल्यालाही तेवढाच रेशो देईल असं समजणाऱ्यांनी हा आकडा बघून ठेवावा.

१८८ पैकी गॅस्केटचा वाटा वेगळा काढावा लागतो. साइड व्हॉल्व्हच्या गॅस्केटचं भोक नुसतं सिलिंडरएवढं नसतं, व्हॉल्व्हची बाजूही त्यात येते. आमच्या गॅस्केटच्या एका भोकाचं क्षेत्रफळ १३५ चौरस सेंटिमीटर आणि आवळल्यावरची जाडी १.६ मिलिमीटर. म्हणजे २२ सीसी गॅस्केटमध्येच. पिस्टन टीडीसीला, म्हणजे अगदी वर आल्यावर, ब्लॉकच्या जवळजवळ लेव्हलला येत होता. राहिले १६६ सीसी, ते हेडच्या पोकळीत.

हाच १३५ चा आकडा आणखी एका गोष्टीचा निकाल लावतो. गॅरेजमध्ये हमखास सल्ला मिळतो, ‘नवं कशाला, जुनंच फेस करून घ्या,’ म्हणजे खालची बाजू कातून घ्या. एक मिलिमीटर काढलं की साडेतेरा सीसी जातात. ६७ सीसी घालवायचे तर पाच मिलिमीटर काढावे लागतील. तेवढ्यात एक तर पाण्याच्या जॅकेटपर्यंतचं बीड उरत नाही, नाही तर उचललेला व्हॉल्व्ह छताला लागतो. फेसिंगने वाकलेलं हेड सपाट करता येतं. कॉम्प्रेशन वाढवायचा तो रस्ता नव्हे.

जुनं हेड कापलं

पॅटर्न करणारे मिस्त्री अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत बसतात. त्यांची हयात यंत्रमागाच्या सुट्या भागांचे आणि पंपाच्या केसिंगचे लाकडी पॅटर्न करण्यात गेली. फुटकं हेड त्यांच्यासमोर ठेवलं तर त्यांनी ते उलटंपालटं करून पाहिलं आणि विचारलं, “ह्याची नक्कल पाहिजे, का चांगलं हेड पाहिजे? आधी ते ठरवा साहेब.”

प्रश्न नेमका होता. जुन्या हेडची हुबेहूब नक्कल म्हणजे नव्वद वर्षांच्या गंजाची, चार वेळा केलेल्या फेसिंगची आणि आलेल्या बाकाचीही नक्कल. स्कॅनर लावला तर तो हे सगळं इमानदारीने टिपतो. बाहेरून स्कॅन उपयोगी पडला, विशेषतः चौदा स्टडच्या जागा आणि पुढच्या तोंडाची उंची घ्यायला. पण हेडचं खरं मर्म पोटात असतं, आणि तिथे स्कॅनर पोचत नाही.

म्हणून भंगारातून मिळवलेलं आणखी एक फुटकं हेड बँडसॉवर उभं कापलं. मालकांचं हेड शाबूत ठेवलं, त्याला हात लावला नाही. कापल्यावर जे दिसलं त्याने निम्मं काम सोपं झालं. पाण्याच्या जॅकेटमध्ये मागच्या बाजूला, चौथ्या सिलिंडरवर, क्षाराचा आणि गंजाचा थर इतका की पाण्याची वाट बोटभरही उरली नव्हती. सोलापूरचं बोअरचं पाणी वर्षानुवर्षं ओतलं तर दुसरं काय होणार. भिंतीची जाडी एका बाजूला सात मिलिमीटर आणि समोरच्या बाजूला चार. एवढा फरक गंजाने पडत नाही. मूळ ओतकामातच कोअर, म्हणजे आतली पोकळी राखणारा वाळूचा गाभा, सरकलेला होता. फोर्डच्या कारखान्यात तेव्हा दिवसाला हजारो हेड्स ओतली जात. त्या वेगात एवढं सरकणं खपून गेलं असणार, आणि ४.२२ वर त्याने काही बिघडलंही नाही. साडेपाचला चार मिलिमीटरची भिंत ठेवायची नाही, एवढं तेव्हाच ठरलं. सगळीकडे सहा.

आता ६७ सीसी कुठून काढायचे? इथे साइड व्हॉल्व्हची खोड समजून घ्यावी लागते. पेट्रोलची हवा व्हॉल्व्हमधून वर येते, छताला लागून आडवी वळते आणि मग सिलिंडरमध्ये उतरते. व्हॉल्व्ह आणि बोअर यांच्यामधला हा गळा बुजवला तर रेशो वाढतो आणि इंजिनाचा श्वास कोंडतो. कागदावर जे मिळवलं ते तिथे जातं, आणि जास्त आरपीएमला तर मूळच्यापेक्षा कमी ओढतं. जुन्या काळच्या काही ‘हाय कॉम्प्रेशन’ हेड्सचं गुपित एवढंच होतं, की आकडा मोठा आणि चढावर दम नाही.

योग्य जागा हॅरी रिकार्डो यांनी १९१९ मध्येच दाखवून दिली होती. पिस्टनच्या वरचं छत खाली आणा, जवळजवळ टेकवा, आणि पोकळी व्हॉल्व्हकडे ठेवा. पिस्टन वर आला की मधल्या फटीतली हवा जोराने व्हॉल्व्हच्या बाजूला फेकली जाते, मिश्रण घुसळलं जातं आणि जाळ झपाट्याने पसरतो. आम्ही पिस्टनच्या बहुतांश भागावर गॅस्केट धरून साधारण अडीच मिलिमीटरची फट ठेवली. कमी करता आली असती, पण व्हाइट मेटलच्या बेअरिंगचा क्रँक फिरताना थोडा लवतो आणि रॉडही थोडा ताणला जातो. गळा मूळचा होता तसाच ठेवला. व्हॉल्व्ह सात मिलिमीटरच्या आसपास उचलला जात होता, त्यावर पुरेशी मोकळी जागा सोडली. प्लगची जागा आणि त्याचा ७/८ इंची आटा बदलला नाही.

ॲल्युमिनियमचं का नाही, असं मालकांच्या मुलाने विचारलं. हलकं असतं आणि उष्णताही लवकर सोडतं हे खरं. पण ॲल्युमिनियम तापल्यावर बिडाच्या दुप्पट पसरतं, त्यामुळे गॅस्केट दर वेळी घासली जाते. आणि बिडाचा ब्लॉक, लोखंडी स्टड आणि क्षाराचं पाणी यांच्या संगतीत ते पोखरत जातं. काही वर्षांनी हेड स्टडवरून निघता निघत नाही. शिवाय १९३० च्या गाडीवर बिडाचंच शोभतं, हे माझं वैयक्तिक मत.

ओतकाम

सोलापूरला बीड नवीन नाही. किर्लोस्कर फेरसच्या इथल्या कारखान्यात इंजिनांचे ब्लॉक आणि हेड ओतले जातात, आणि प्रिसिजन कॅमशाफ्ट्सचे कॅमशाफ्ट इथून जगभर जातात. पण मोठा कारखाना दोन-चार नगांसाठी लाइन थांबवत नाही, आणि थांबवूही नये. काम छोट्या जॉबिंग फाउंड्रीत झालं.

कॅमशाफ्टचा उल्लेख ओघात आला खरा, पण त्याचा इथे संबंध आहे. कॅमच्या नाकाला बीड मुद्दाम झटकन थंड करतात, म्हणजे तिथे ते पांढरं आणि कमालीचं कडक होतं. त्यालाच चिल्ड आयर्न म्हणतात. हेडमध्ये नेमकं हेच टाळायचं असतं. सहा मिलिमीटरच्या भिंतीत, विशेषतः कडांना, बीड लवकर थंड होऊन पांढरं पडायची भीती. पांढरं पडलं की ड्रिल बिट मोडतात आणि तापल्या-थंड झाल्यावर तडाही तिथेच जातो. म्हणून आयएस २१० मधली एफजी २६० ही ग्रेड धरली, कार्बन ३.३ आणि सिलिकॉन २ टक्क्यांच्या आसपास, आणि ओतण्याच्या तोंडाशी लॅडलमध्ये फेरोसिलिकॉनचं इनॉक्युलेशन, म्हणजे बीड पांढरं पडू नये म्हणून घातलेली चिमूट. प्रत्येक हीटला, म्हणजे भट्टीच्या प्रत्येक खेपेला, आधी पाचरीच्या आकाराचा तुकडा ओतून तो फोडून पाहायचा. टोकाला पांढरी रेघ किती आत गेली ते बघायचं आणि मगच मोल्ड भरायचे.

पॅटर्नला आकुंचनाची सूट फुटाला एक सूत, म्हणजे साधारण एक टक्का. मोल्डमध्ये गॅस्केटची बाजू खाली ठेवली. बिडातली घाण वर तरंगते. ती वरच्या ओबडधोबड पाठीत राहिली तर चालते, गॅस्केटच्या फेसवर नको. दहनकक्षांच्या पोकळ्या मोल्डच्या खालच्या अर्ध्यातच येत असल्यामुळे त्या एकमेकींशी आपोआप जुळतात. डोकेदुखी एकाच गोष्टीची, पाण्याच्या जॅकेटच्या कोअरची.

हा कोअर म्हणजे वाळूची एक अवघड जाळी. तिला आधार फक्त ब्लॉककडे उघडणाऱ्या पाण्याच्या भोकांतून आणि पुढच्या पंपाच्या तोंडातून. चारी बाजूंनी वितळलेलं बीड आणि मध्ये हा कोअर. त्यातल्या रेझिनचा गॅस बाहेर पडायला वाट मिळाली नाही तर तो बिडात शिरतो. पहिल्या ओतकामात तेच झालं. बाहेरून हेड देखणं, फेटलिंग (घासून साफसफाई) करून आलेलं पाहून मालक खूश. ते खाली स्टीलची प्लेट आणि रबर लावून बंद केलं, आत दोन बार हवा भरली आणि पाण्याच्या टाकीत बुडवलं. दुसऱ्या प्लगच्या बॉसशेजारून, म्हणजे जाड बैठकीशेजारून, बुडबुड्यांची बारीक माळ वर यायला लागली. कापून पाहिलं तर छतात मोहरीएवढी ब्लो होल्स, म्हणजे गॅसने पाडलेली भोकं, सगळी कोअरच्या वरच्या अंगाला.

मूळ गाडीचं पाणी बिनप्रेशरचं असतं, रेडिएटरला प्रेशर कॅपच नाही. मग दोन बारची परीक्षा कशाला, असं फाउंड्रीवाल्यांचं म्हणणं. त्यात तथ्य होतं. पण आज हवेला सापडलेली वाट उद्या पाण्याला आणि परवा तड्याला सापडते. सील करणारं केमिकल आत फिरवून हे हेड वापरता आलं असतं. बाजारात अशी कास्टिंग सर्रास खपवली जातात. आम्ही ते भंगारात टाकलं.

उपाय मिस्त्री, फाउंड्रीवाले आणि आम्ही अशा तिघांनी मिळून केला. कोअर शेल सँडचा (रेझिनचा लेप दिलेल्या वाळूचा) केला, पातळ आणि आतून पोकळ, म्हणजे रेझिन कमी. प्रत्येक प्रिंटमधून, म्हणजे कोअर मोल्डमध्ये टेकतो त्या टोकातून, गॅस बाहेर जायला स्वतंत्र वाट काढली. कोअर वापरण्याआधी पुन्हा भट्टीत तापवले. आणि बीड १४०० अंशांच्या जरा वर ओतलं, म्हणजे गॅस निघून जाईपर्यंत ते पातळ राहील. चॅपलेट, म्हणजे कोअरला आधार देऊन बिडातच राहणारे धातूचे तुकडे, मात्र वापरायचे नाहीत यावर मिस्त्री अडून बसले. ते बिडात नीट मिसळले नाहीत तर पुढे तिथूनच पाझरतं. त्याऐवजी त्यांनी पाण्याच्या भोकांचे प्रिंट जाड केले. पुढची खेप टाकीत बुडवल्यावर गप्प बसून राहिली.

ओतल्यानंतर हेड ५५० ते ६०० अंशांवर तापवून ठेवून भट्टीतच सावकाश थंड केलं. हे स्ट्रेस रिलिव्हिंग वगळून पैसे वाचवायचा मोह सगळ्यांना होतो. ताजं बीड आतून ओढलेलं असतं. त्याला आज सपाट फेस केलं तरी इंजिनावर चार वेळा तापलं की ते आपल्या मनासारखं वाकतं.

मशिनवर

मशिनिंगमध्ये नवलाचं फार नाही, दोन जागा सोडून. पहिली जागा डिस्ट्रिब्युटरची. मॉडेल ए चा डिस्ट्रिब्युटर हेडच्या वर बसतो आणि त्याचा दांडा हेडमधून आरपार जाऊन खाली ब्लॉकमध्ये उतरतो. हेडमधलं हे भोक स्टडच्या भोकांशी आणि ब्लॉकमधल्या भोकाशी एका रेषेत नसेल तर दांडा घासतो, टायमिंग डळमळतं आणि दोष कॉइलला दिला जातो. त्यासाठी ब्लॉकवरूनच जिग, म्हणजे भोकं नेमक्या जागी पाडायचा साचा, केलं, कागदावरच्या मापांवर विसंबलो नाही. दुसरी जागा पुढच्या तोंडाची. पाण्याचा पंप आणि पंखा त्यावरच बसतात. ते काटकोनात नसेल तर पट्टा उतरतो.

दहनकक्ष पाच-सहा सीसी मोठा ओतला होता. चारही पोकळ्या ॲक्रिलिकची काच, ब्युरेट आणि रॉकेल घेऊन मोजल्या, मोठ्या-लहानातला फरक डाय ग्राइंडरने घालवला आणि शेवटच्या फेसिंगने १६६ वर आणलं. एक दशांश मिलिमीटर काढलं की सव्वा-दीड सीसी कमी, हे गणित तेव्हा कामी आलं.

गाडीवर

गॅस्केट तांबं आणि ग्रॅफाइटची. जुन्यासारखी ॲस्बेस्टॉसची घेतली नाही. चौदा नट मधून बाहेर, टप्प्याटप्प्याने ५५ फूट-पाउंडांपर्यंत, आणि पहिल्यांदा तापून थंड झाल्यावर पुन्हा. कॉम्प्रेशन गेज आधी साठ पीएसआयच्या आसपास दाखवायचा, तो ऐंशीच्या वर गेला, चारही सिलिंडर सारखे.

स्टिअरिंगवरच्या स्पार्कच्या दांडीची, म्हणजे ठिणगी किती आधी पाडायची (ॲडव्हान्स) ते ठरवणाऱ्या दांडीची, सवय बदलावी लागली. पूर्वी मालक गाडी हलली की दांडी पूर्ण खाली ओढायचे. आता जाळ लवकर पसरत असल्यामुळे तेवढा ॲडव्हान्स लागत नाही. पूर्ण ओढली तर चढावर बारीक ठणठण ऐकू येते. आवाज येताच दांडी थोडी वर करायची, हे त्यांना एका दुपारीत जमलं. कारमध्ये सेन्सर नाही, कान आहेत.

पेट्रोलचा आणखी एक मुद्दा. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं. ते जरा पातळ मिश्रण देतं आणि पातळ मिश्रण गरम जळतं. मॉडेल ए मध्ये यावर उपाय गाडीतच आहे. चोकची मूठ फिरवली की झेनिथ कार्ब्युरेटरची सुई उघडते. पाव फेरा जास्त ठेवला की काम झालं. रबराच्या आणि कॉर्कच्या वस्तू मात्र तपासून बदलाव्यात.

तुळजापूरच्या रस्त्यावर एप्रिलच्या अखेरीस, पारा ४२ च्या पुढे असताना गाडी नेली. घाटात जिथे हमखास सेकंड टाकावा लागे तिथला बराचसा चढ ती टॉपमध्ये चढली. पाणी उकळलं नाही. मालक हे श्रेय कॉम्प्रेशनला देतात. मी अर्धंच देतो. न उकळण्याचं मोठं कारण म्हणजे हेडमधली पाण्याची वाट पहिल्यांदाच मोकळी आहे आणि त्याच वेळी ब्लॉकमधला गाळही काढला. ओढीतही व्हॉल्व्ह नव्याने ग्राइंड केल्याचा वाटा आहे. तिन्ही कामं एकत्र केली की कुणाचं किती, हे वेगळं काढता येत नाही.

एक त्रास मात्र नवा आला. भर उन्हात तापलेलं इंजिन बंद करून पाच मिनिटांनी सुरू करायला गेलं तर सहा व्होल्टचा स्टार्टर कण्हतो. जाड केबल आणि घासून स्वच्छ केलेलं अर्थिंग यांनी बराच फरक पडला, पूर्ण नाही. साडेसहाला काय झालं असतं याची मालकांना आता कल्पना आहे.

कागदपत्रांचं एक सांगतो. केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांवरच्या गाडीला ‘व्हिंटेज’ म्हणून ‘व्हीए’ मालिकेतला नंबर मिळतो, पण गाडी मूळ स्वरूपात असावी आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नसावा अशी अट आहे. हे हेड बाहेरून मूळच्यासारखं दिसतं, ब्लॉकला कुठेही ओरखडा नाही आणि चौदा नट काढले की परत जाता येतं. तरी जुनं फुटकं हेड मालकांनी पेटीत घालून, त्याचे फोटो फाइलला लावून ठेवलं आहे. ते योग्यच केलं.

पैशाचं म्हणाल तर बीड आणि ओतकाम हा सर्वांत स्वस्त भाग. पॅटर्न आणि कोअर बॉक्स सर्वांत महाग, त्याखालोखाल जिग. म्हणून दुसऱ्या नगापासून हिशेब जमायला लागतो. पॅटर्न मिस्त्रींच्या शेडमध्ये माळ्यावर आहे, वाळवी लागू नये म्हणून रंग मारून.

मालकांच्या ओळखीतल्या एका मॉडेल ए वाल्यांचा फोन येऊन गेला. त्यांना असंच हेड हवंय, आणि लगेच. त्यांच्याकडून दोन गोष्टी मागवल्या आहेत, बोअरचं प्रत्यक्ष माप आणि तिन्ही मेनचं क्लिअरन्स. बोअरचं माप आलं. क्लिअरन्स अजून यायचंय, तोवर मोल्ड भरणार नाही.